बिनपायांच्या भुतांची चौकशी

भूत आहे की नाही, हा प्रश्न आमच्या घरमालकांसमोर काढायची सोय नव्हती. कोणी काढलाच, तर ते हातातला चहाचा कप खाली ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "काटा हालला का?"

काटा म्हणजे मीटरचा. खापरखेड्याच्या वीजघरात त्यांनी सगळी नोकरी मीटर दुरुस्त करण्यात काढली होती. ज्या गोष्टीनं कुठलाच काटा हलत नाही, ती गोष्ट जगात नाही, असं त्यांचं सरळ मत होतं. कोणी म्हणालं, अंगात कसकस आहे, की आधी थर्मामीटर, मग सहानुभूती. माझ्या नवऱ्यानं एकदा भर अंगणात त्यांच्यापुढे कबूल केलं, की आपलं बायकोवर फार प्रेम आहे. त्यालाही त्यांनी हाच प्रश्न विचारला. हलला, असं तो काही म्हणाला नाही, आणि हे मी अजून विसरलेले नाही.

सगळे त्यांना काकाजी म्हणत. प्रताप नगरात त्यांचं बैठं घर होतं. मागच्या दोन खोल्यांत आम्ही नवरा-बायको राहत होतो, कारण माझा नवरा वीजघरात त्यांच्या हाताखाली तयार झाला होता आणि परक्याला घर द्यायला काकाजी तयार नव्हते. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. घरीही एक जुना टाइपरायटर होता, त्यावर फावल्या वेळात विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून द्यायची. पुढच्या भागात काकाजी आणि त्यांची म्हातारी आई. काकाजींनी लग्न केलं नव्हतं. का, असं मी आजींना एकदा विचारलं, तर त्या म्हणाल्या, "केलं असतं वं. पण त्याच्या अटी आयकूनच पोरी पळाल्या."

घरातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी होती. दिव्याच्या बटणांवर तर होतीच, पण नळावर लाल रंगाचा बाण होता, उघडायला कुठे फिरवायचं त्याचा. लोणच्याच्या बरणीवर 'आंबा. ओला हात मना आहे'. आजींच्या काठीवर 'माय'. त्या घरात काठी वापरणारं दुसरं कोणी नव्हतं, पण काकाजींचं म्हणणं, पद्धत म्हणजे पद्धत.

आणि त्यांचा जीव होता जपानवर. जपान त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडे एक जपानी ट्रान्झिस्टर होता, तो त्यांनी इतक्या वेळा खोलला होता, की त्यांच्या दृष्टीनं ते जपानला जाऊन आल्यासारखंच होतं. "हे टाके पाहा," ते आतलं सोल्डरिंग मला दाखवायचे, "एक बी सुटलेला नाही. काहून? बौद्धायचा देश आहे. बौद्ध म्हटलं म्हनजे विज्ञान आलं, आन् विज्ञान आलं म्हनजे टाका पक्का बसते." आम्ही सगळे एकाच समाजातले. माझ्या आईवडिलांनीही छप्पन सालीच दीक्षा घेतलेली. त्यामुळे जपानबद्दल थोडं आपलेपण मलाही होतं, पण आपल्या धर्माचा संबंध थेट सोल्डरिंगशी जोडणारे काकाजी एकटेच. दरवर्षी बुद्धजयंतीला विहारात ते भाषण करायचे आणि दरवर्षी त्यात हे वाक्य असायचं, की जपानात भूत नाही. भूत अंधारात राहतं आणि जपानी माणसाच्या प्रत्येक खिशात टॉर्च आहे. पुढच्या रांगेतल्या आम्ही बायका ते वाक्य त्यांच्याबरोबर ओठांतल्या ओठांत म्हणायचो.

आता हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण भुतावर काकाजींचा जो राग होता, तो काही गमतीचा नव्हता. ते मला आजींकडून कळलं, एका दुपारी तुरीच्या शेंगा सोलताना.

काकाजींना एक धाकटी बहीण होती, सगुणा. सात वर्षांची असताना तिला ताप आला. गावातले लोक म्हणाले, बाहेरचं लागलं आहे. डॉक्टर होता कामठीला. पण आजींनी तिला शेजारच्या गावातल्या भगताकडे नेली, भुतं उतरवणारा म्हणून त्याचं नाव होतं. त्यानं तिला कडुनिंबाच्या डहाळ्यांनी झोडलं, मिरच्यांची धुरी दिली, तीन दिवस ठेवून घेतली. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावातली पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत असताना, पोरगी गेली.

"मीच नेल्लं तिले," आजी म्हणाल्या, आणि शेंगा सोलत राहिल्या.

दीक्षा घेतल्यावर घरातले देव कन्हान नदीत सोडायला आजी स्वतः गेल्या होत्या. "देवं सोडतानी मले काही वाटलं नाही, पोरी. त्यायनं माहं काय केलं होतं? पण पोरीले कशी सोडू?" म्हणून दरवर्षी तान्ह्या पोळ्याला सगुणासाठी दारात एक ताट ठेवावं, एवढं त्यांचं मागणं होतं. आदल्या दिवशीची पुरणपोळी आणि तिला आवडायचा तो मुरमुऱ्यांचा लाडू. आणि हे चोरून नाही, मुलाच्या संमतीनं, पुढच्या दारात. काकाजींचं उत्तर ठरलेलं होतं. ह्या घरात मेलेल्याले पान वाढायचं नाही. ताट वाढलं म्हणजे भूत आहे असं कबूल केलं, आणि भूत कबूल केलं, म्हणजे तो भगत खरा ठरला. त्या भगताला काकाजी मरेपर्यंत खरा ठरू देणार नव्हते. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि एका घरात राहत होते.

आम्ही राहायला आलो त्या पहिल्या तान्ह्या पोळ्याला आजींनी ताट माझ्या मागच्या उंबऱ्यावर मांडलं. मीच 'हो' म्हटलं होतं. दहा मिनिटांत काकाजी आले. ओरडले नाहीत. खाली बसले, मांडी घातली आणि ते ताट आमच्या दोघींसमोर सावकाश संपवलं. शेवटचा मुरमुरा बोटानं टिपून घेतला आणि म्हणाले, "पाहा. कोनं खाल्लं? म्या खाल्लं."

आजी आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मीठ मागितलं, तरी मला सांगायच्या, "त्याले सांग वं, डब्यात आहे. वरतं लेहलं आहे."

त्यानंतरच्या वर्षी मनोहर आला. सावनेरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, बी. ए.ला दोनदा बसलेला, अंगात निळा सफारी. काकाजींची पुढची शटरची खोली त्याला व्हिडिओ गेमच्या दुकानासाठी हवी होती. तेव्हा हे नागपुरात नवीनच होतं. सीताबर्डीवर एक-दोन दुकानं निघाली होती आणि तिथे पोरांची झुंबड असायची. काकाजींनी साफ नकार दिला. "पोरं बिघडतीन." मनोहर हुशार. तो वाद घालत बसला नाही. टेम्पोतून मुंबईहून आणलेलं मशीन त्यानं अंगणातच उतरवलं आणि मागची फळी काढून आतली चिपांची पाटी दाखवली. काकाजी भिंग घेऊन अर्धा तास त्यात डोकं घालून बसले. बाहेर आले ते वेगळाच चेहरा घेऊन.

"जपान लेहलं आहे," ते म्हणाले. "प्रत्येक चिपवर. कधी लावतं दुकान?"

दोन मशिनं लागली. दुकानात चपला घालून जायचं नाही, असा काकाजींनी नियम केला आणि तशी चिठ्ठी शटरवर डकवली. पहिल्या मशीनवर विमानं होती. दुसऱ्यावर काय आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण सगळी अक्षरं जपानी. उद्घाटनाच्या दिवशी काकाजी हातात पेढा घेऊन त्याच्या समोर उभे राहिले आणि मनोहरनं ते सुरू केलं.

पडद्यावर रात्रीचं जंगल आलं. मग एक देऊळ. तुळतुळीत डोक्याचा, हातात माळ घेतलेला एक भिक्खू तुरुतुरु चालत आत गेला. आत तथागतांची मूर्ती होती, ध्यानात बसलेली. काकाजींनी पेढ्याचा हात कपाळाला लावला. आणि तेवढ्यात मूर्तीच्या मागून एक बाई वर आली. पांढरं वस्त्र, मोकळे केस, आणि कमरेखाली काहीच नाही. नुसता धूर. पोरं आनंदानं किंचाळली.

"बंद कर!" काकाजी ओरडले. "हे मशीन नकली आहे."

पुन्हा फळी काढली, पुन्हा भिंग आलं. मशीन अस्सल होतं. पुढच्या चार दिवसांत पोरांनी त्या खेळात काय काय आहे ते शोधून काढलं. एका डोळ्याची, जीभ काढणारी छत्री. तोंड असलेला कंदील. मान लांबत लांबत छपरापर्यंत जाणारी बाई. हे सगळं बुद्धविहारात आणि आजूबाजूच्या कबरस्तानात. मनोहरनं दारावर पाटी रंगवली, 'जपानी भूतबंगला', आणि गल्लीतली पोरं येता-जाता ओरडू लागली, "काकाजी, तुमच्या जपानात तं भूतच भूत आहेत!" विहाराच्या कमिटीतले एक गृहस्थ मुद्दाम घरी येऊन, चहा पिऊन, विचारून गेले, की येत्या बुद्धजयंतीला भाषणाचा विषय काय आहे.

काकाजींना ते फार लागलं. पण ते चिडून बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी चौकशी लावली. वीजघरात तासातासाला काट्यांची नोंद करतात, तसं एक रजिस्टर त्यांनी आखलं. भुताचा प्रकार, पोशाख, पाय, वागणूक, उपाय. सकाळी गर्दी नसताना ते स्टूल घेऊन मशीनपुढे बसायचे आणि मनोहरला खेळायला लावायचे.

"मारू नको गा तिले! लेहू दे पहिले."

"काकाजी, ते मले मारून राहिली ना!"

"मरू दे. तू पुन्हा येतं. तिचा पोशाख दिसू दे."

पहिला शेरा त्यांनी असा लिहिला: हा माल परदेशासाठी असावा. परदेशी लोक मूर्ख असतात हे जपान्यांना ठाऊक आहे. तो त्यांना स्वतःच खोडावा लागला, कारण मनोहर म्हणाला, "परदेशासाठी असता तं इंग्रजी लेहलं असतं. हे तं त्यायच्याच पोरायसाठी दिसते." दुसरा शेरा: भुतं मूळची आपल्याकडची, तिकडे गेलेली. मग पायांचा प्रश्न आला.

"तुमच्या गावात भूत कसं असते?" काकाजींनी मनोहरला विचारलं.

"आमच्या वावरातल्या विहिरीवर आहे ना एक. उलटे पाय."

"तू पाह्यले?"

"आजोबानं पाह्यले."

काकाजींनी रजिस्टरात लिहिलं: ऐकीव. पण पायांवरून त्यांची खात्री पटली, की ही जात वेगळी आहे. आपल्या भुताचे पाय उलटे, त्यांच्या भुताला पायच नाहीत. आणि त्याच दिवशी, 'जात' हा शब्द लिहिता लिहिता, त्यांना त्यांचा शोध लागला. ते तसेच रजिस्टर घेऊन माझ्या दारात आले.

"पाहा. आपल्याइकडचा ब्राह्मन मेला तं काय होते? ब्रह्मराक्षस. त्याले राहाले पिंपळ. बाकीच्यायले बाभूळ. म्हनजे मेल्यावरबी वस्ती वेगळीच! आन् हे पाहा." त्यांनी पानावरून बोट फिरवलं. "छत्री, कंदील, बाई, मांजर. सतरा भुतं मोजली म्या. एकालेबी जात नाही."

असे खूश झालेले काकाजी मी आधी पाहिले नव्हते. आपलं भूत भेटलं की कोंबडं माग, लुगडं माग, लिंबू माग; त्यांचं भूत काही मागत नाही, नुसतं वाईट वाटून उभं राहतं, हेही त्यांनी मला समजावलं. टाकून दिलेल्या छत्रीचंसुद्धा तिकडे भूत होतं, ही गोष्ट तर त्या मीटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला मनापासून पटली. जो देश छत्रीचा अपमान लक्षात ठेवतो, त्या देशात टाका पक्का बसणारच, असं ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात माळ्यावरची मोडकी छत्री खाली आली आणि तिला नवी काडी बसली. आजी म्हणाल्या, "छत्रीचं भूत चालते त्याले."

खरं म्हणजे त्या वर्षी आजींना बरं नव्हतं. उन्हाळ्यात त्या न्हाणीघरात पडल्या, आणि त्यानंतर माझ्या मागच्या उंबऱ्यापर्यंत येणंही त्यांना जमेना. "पुढच्या तान्ह्या पोळ्याले मी राहीन का नाही, कोन जाने," त्या मला म्हणायच्या. "यंदा एक डाव पुढच्या दारात ठेवू दे म्हना त्याले. तू सांग. तुह्यं आयकते तो." मी सांगितलं. काकाजींनी ऐकून घेतलं, रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, "पहिले जपानचा निकाल लागू दे."

कारण तोपर्यंत त्यांनी जपानला पत्र धाडलं होतं. मशीनच्या आत एक घडी घातलेला जपानी कागद सापडला होता, त्याच्या तळाशी इंग्रजीत पत्ता होता. पत्र इंग्रजीत मीच टाइप केलं, दोन कार्बन लावून, एक प्रत फाइलसाठी. सरकारी पत्रव्यवहाराची सगळी वळणं त्यात होती. आपला देश बौद्ध आहे, आम्हीही बौद्ध आहोत. आपल्या खेळात भगवान बुद्धांच्या मूर्तीमागून एक भूत येतं, असं निदर्शनास आलं आहे. तरी खालील मुद्द्यांवर खुलासा व्हावा. एक, भूत आहे काय? दोन, नसल्यास दाखवण्याचं प्रयोजन काय? तीन, त्यास पाय का नाहीत? चार, मूर्तीमागे त्याचं काय काम? पाचवा मुद्दा त्यांनी भुतांना जात नसल्याबद्दल अभिनंदनाचा घातला होता. तो मी काढायला सांगितला. जपानी माणसाला तो कसा कळावा? काकाजींनी विचार केला आणि म्हणाले, "त्याले कळत नाही, हेच तं त्याचं नशीब आहे. काढ."

मला वाटलं, उत्तर काही यायचं नाही. चार महिन्यांनी, पोळ्याला पंधरा-वीस दिवस असताना, ते आलं. हातानं लिहिलेलं, वळणदार, थोडं मोडकं इंग्रजी. काकाजींना मशीनच्या माहितीपत्रकाचं इंग्रजी भराभर वाचता यायचं, हाताचं नाही. दुपारी ओसरीवर त्यांनी मला ते वाचायला बसवलं. आजी बाजेवर पडल्या होत्या. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगत होते.

लिहिणारा कोणी साहेब नव्हता. त्या खेळातली चित्रं काढणारा माणूस होता. त्यानं लिहिलं होतं, की अशी चौकशी आमच्याकडे आजवर कोणी केली नाही, म्हणून पत्र टेबलाटेबलांवरून फिरत शेवटी माझ्याकडे आलं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. मी भूत पाहिलेलं नाही, फक्त काढलेलं आहे. पाय आमच्याकडच्या जुन्या चित्रांतच नसतात, शिवाय पाय नसले की चालताना दाखवायचं काम वाचतं. इथे काकाजींनी मान डोलावली. काम वाचवणं त्यांना समजत होतं. ती बाई बुद्धाच्या मागे लपलेली नाही, असं पुढे होतं. ती त्याच्या आसऱ्याला आलेली आहे.

मग शेवटचा भाग होता. आमचं घर बौद्ध आहे, त्यानं लिहिलं होतं. दर उन्हाळ्यात तीन दिवस आमची मेलेली माणसं घरी येतात. आम्ही दारात कंदील लावतो, त्यांना जेवायला ठेवतो. काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतो, त्यांनी लवकर यावं म्हणून. आणि वांग्याला काड्यांचे पाय लावून बैल करतो, त्यांनी परत जाताना हळूहळू जावं म्हणून. माझा धाकटा भाऊ लहानपणीच गेला. त्याचं वांगं दरवर्षी मीच करतो. ज्यांना असं कोणीतरी बोलावतं, ती माणसं भुतं होत नाहीत. आम्ही खेळात दाखवतो, ती ज्यांना कोणी बोलावलं नाही ती.

मी थांबले. आजींनी डोळे मिटले होते, पण त्या झोपलेल्या नव्हत्या. काकाजी म्हणाले, "बौद्ध आहे म्हनते का तो?"

"हो."

"फाइलले लावून दे," ते म्हणाले आणि उठून आत गेले.

पुढे पंधरा दिवस त्यांनी जपानचं नाव काढलं नाही. मशीनपुढचं स्टूलही रिकामं राहिलं. मनोहर मला विचारायचा, "काकाजीची तब्येत बरी नाही का वहिनी?" मी सांगितलं, निकाल लागायचा आहे.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला काकाजी स्वतः पिशवी घेऊन बाजारात गेले. भाजी आणणं हे त्यांचं काम नव्हतं. त्यांनी आणलेल्या भाजीत नेहमी काहीतरी बाद निघायचं. परत आले आणि माझ्याकडे खराट्याच्या काड्या मागितल्या. मग कॅलिपर काढून बसले. चारही काड्या एकसारख्या मापाच्या कापल्या, टोकं घासली, एक जांभळं वांगं दोन बोटांत धरून त्याचा मध्य काढला आणि पाय बसवले. बैल एका बाजूला कलत होता. तो सरळ उभा राहीपर्यंत त्यांनी तीनदा पाय बदलले. मी दारात उभी राहून पाहत होते, आणि मला हसूही येत होतं आणि रडूही, दोन्ही खरं सांगते.

मग त्यांनी पुढच्या दारात पाट मांडला. त्यावर ताट ठेवलं, पुरणपोळी आणि लाडू. लाडू मीच केले होते, ते त्यांनी कधी पाहिले कोण जाणे. ताटाशेजारी ते वांगं उभं केलं. आणि आत जाऊन आजींना हातांवर उचलून आणलं, खुर्चीत बसवलं. रस्त्यावरून पोरं लाकडी बैल ओढत चालली होती, घरोघरी बोजारा मागायला. पैसे, खाऊ, जे कोणी हातावर ठेवील ते.

आजी बराच वेळ ताटाकडे पाहत राहिल्या. मग वांग्याकडे.

"हे काय होय गा?"

"बैल."

"याले शिंगं कुठी आहेत?"

"तिकडं नाही लावत, माय."

"कोनाचा?"

"सगूचा. जातानी हळूहळू जाते यावर. त्या मानसानं लेहलं होतं ना."

आजी म्हणाल्या, "मंग तू तं म्हनत होता, भूत नाही."

"नाहीच आहे. आजबी म्हनतो, नाही." काकाजी पायरीवर बसले होते, आईच्या पायांशी, रस्त्याकडे तोंड करून. "पन पोरगी तं होती ना."

आजींनी पदर डोळ्यांना लावला आणि माझ्यापाशी जे शंभरदा बोलल्या होत्या, ते त्या दिवशी पहिल्यांदा मुलाला म्हणाल्या. "मीच नेल्लं तिले, बाबू. त्या भगताकडं मीच नेल्लं."

कोणाचा तरी बैल आमच्या फाटकापाशी अडकला होता, तो सुटून पुढे गेला. मग काकाजी म्हणाले, "चालत थोडीच गेली होती ते. खांद्यावर म्या घेतलं होतं. साऱ्या रस्त्यानं म्हने, दादा, घरी चाल. दादा, घरी चाल. म्या नाही आनलं."

हे आजींनाही ठाऊक नसावं. त्या पुढे चालल्या असतील आणि पोर भावाच्या कानाशी बोलत असेल. त्या खुर्चीतून वाकल्या आणि त्यांनी त्या पांढऱ्या केसांच्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवला.

"तू तेरा वर्साचा होता, बाबू," त्या म्हणाल्या. "तेरा वर्साचा होता तू." आणि ते खाली मान घालून बसले होते तोपर्यंत, त्या तेच म्हणत राहिल्या.